निवृत्तांची सेवा, शाळेची गरज



संयोजकांनी पत्रिकेत या व्याख्यानाचं नाव आधी 'निवृत्तांची सेकंड इनिंग' असं घातलं होतं. आम्ही फोन करून ते बदलायला लावलं, त्याबद्दल आधी त्यांची माफी मागतो. पण नाव का बदललं, हे सांगताना आजचा निम्मा विषय येऊन जातो. दुसरा डाव म्हटलं की फलंदाज तोच, धावा त्याच्याच नावावर, टाळ्याही त्यालाच. शाळेत मदतीला गेलेला निवृत्त माणूस असा स्वतःचा डाव खेळायला लागला की शाळेची पंचाईत होते. ती पंचाईत आम्ही स्वतः केलेली आहे, तेव्हा त्यावर बोलायचा थोडा हक्क आम्हाला आहे.

'आम्ही' म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले सातजण. टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर्स, आणि एकजण पर्सोनेलचा. सहा वर्षं झाली, एका माध्यमिक शाळेत जातो. कारखान्याचं नाव घेणार नाही, शाळेचं तर नाहीच. बोलणारा एक असला तरी मुद्दे सातजणांनी बसून काढलेत, आणि एका मुद्द्यावर आमचं आपसात अजून जुळलेलं नाही. तो आला की सांगू.

सुरुवात निरोप समारंभातल्या भाषणापासून करू. इथे बसलेल्या बहुतेकांनी ते ऐकलंय, काहींनी केलंय. त्यात तीन गोष्टी हमखास येतात: 'अनुभवाची शिदोरी', 'समाजाचं ऋण' आणि 'आता काय, वेळच वेळ'. शब्द चांगले आहेत, पण त्यांनी नेमकं काय होतं बघा. शिदोरी माणूस स्वतःच्या वाटेसाठी बांधून घेतो. ती समोरच्याने न मागता त्याच्यापुढे सोडून बसायची, हे जरा विचित्रच. ऋण म्हणावं तर हप्ता किती आणि कधी हे सावकाराने ठरवायचं असतं. आपल्याकडे कर्जदारच म्हणतो, मला जमेल तेव्हा, जमेल ते देईन, आणि वर पावतीला फोटो हवा. आणि 'वेळच वेळ' आपल्याकडे असेल, शाळेकडे नसतो. शाळेचा वेळ पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकांत कापलेला असतो.

आमचा पहिला कार्यक्रम होता 'अनुभवकथन'. नववीच्या दोन्ही तुकड्या हॉलमध्ये, जमिनीवर. दीड तास आम्ही कायझेन, क्वालिटी सर्कल, शिस्त, वक्तशीरपणा असं काय काय सांगितलं. मुलं शांत होती; शांत बसा म्हणून सांगितलेलंच होतं. शेवटी हार, नारळ, चहा. गणिताच्या बाई चहा देता देता एवढंच म्हणाल्या, "माझे दोन तास गेले, आता सहामाहीच्या आधी भूमितीचं कसं बसवायचं बघते." तक्रारीचा सूर नव्हता. आम्हाला मात्र तो चहा काही गोड लागला नाही. वक्तशीरपणावरचं भाषण वीस मिनिटं लांबलं होतं, हेही इथे कबूल करून टाकतो.

आपल्या रंगभूमीने निवृत्त माणसाकडे पुष्कळ पाहिलंय. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर घ्या, दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी घ्या. तिथला म्हातारा माणूस आधार शोधतो, वाट बघतो. नाटकं मोठीच आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण एका बाजूला हा केविलवाणा म्हातारा आणि दुसऱ्या बाजूला सत्कारातला ज्ञानवृद्ध, या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस आहे, जो अजून एखादं काम नीट करू शकतो आणि ज्याचं काम चुकलं तर त्याला 'चुकलं' म्हणता येतं. हा तिसरा माणूस आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. तो शोधायला आम्हाला थोडं लांब जावं लागलं.

अमेरिकेत १९११ साली बोस्टनमध्ये टेलिफोन कंपन्यांतल्या जुन्याजाणत्या लोकांनी 'टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका' नावाची संघटना काढली. खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिचा पहिला सभासद. कित्येक वर्षं तिचं रूप स्नेहमंडळाचं होतं. जुन्या आठवणी, जेवण, भाषणं. आपल्याकडच्या कुठल्याही माजी कर्मचारी मेळाव्यासारखंच म्हणा ना. समाजसेवा हे तिचं अधिकृत काम झालं ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर नोकरीतले आणि निवृत्त, दोन्ही प्रकारचे टेलिफोनवाले गावोगाव कामं करू लागले. शाळांच्या मैदानांवर अमेरिकेचे मोठाले रंगीत नकाशे रंगवणं हे त्यातलं लोकांच्या डोळ्यांत भरणारं काम. आमच्या दृष्टीने खरं काम मात्र दुसरं होतं.

तिकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून अंध वाचकांना 'बोलकी पुस्तकं' मोफत मिळतात. १९३०च्या दशकापासून ही सोय आहे. ध्वनिमुद्रित पुस्तक आणि ते वाजवायचं यंत्र, दोन्ही वाचकाच्या घरी जातं. यंत्र म्हटलं की ते बिघडणार. कधी सुई झिजते, कधी वायर तुटते, कधी आवाज फाटतो. १९६० पासून टेलिफोन पायोनियर्सनी ही यंत्रं दुरुस्त करायचं अंगावर घेतलं. जनरल इलेक्ट्रिकच्या 'एलफन' या संघटनेतल्या लोकांनीही हेच काम केलं.

या कामात आम्हाला काय दिसतं ते सांगतो. गरज ग्रंथालयाने सांगितली, पायोनियर्सनी शोधून काढली नाही. ज्याने आयुष्यभर टेलिफोन उघडले-जोडले त्याच्या बोटांत जे होतं, तेच इथे लागत होतं. त्याने अचानक समुपदेशक किंवा वक्ता व्हायची गरज नव्हती. आणि यंत्र एकतर वाजतं, नाहीतर वाजत नाही. दुरुस्त करणारा वयाने सत्तरीचा आहे, भला माणूस आहे, म्हणून न वाजणारं यंत्र कुणी वाजलं असं म्हणत नाही. ते परत येतं. स्वयंसेवेत ही परत येण्याची सोय फार दुर्मीळ. आमचं अनुभवकथन कोण परत पाठवणार होतं?

पण याच संघटनेची दुसरी एक हकिकत आहे, ती आम्हाला जास्त शिकवून गेली. १९६४ साली चार्ली फेअरबँक्स नावाच्या टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरने चेंडूत आवाज करणारं छोटं यंत्र बसवलं, अंध मुलांना बेसबॉल खेळता यावा म्हणून. कल्पना सुरेख. पायोनियर्सनी पुढे चेंडू सुधारला, शिट्टी वाजवणारे बेस तयार केले. इथपर्यंत सगळं उत्तम. मग त्यांनी नियमही केले. कुणाला लागू नये म्हणून धावायचं नाही, चेंडूवर झेप घ्यायची नाही, डोक्याला जाड टोपी. आता ज्याला खेळायचंय त्याला पळूच दिलं नाही तर खेळ कसला? खेळाडूंचा रस गेला. १९७०च्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटातल्या अंध खेळाडूंनी आणि त्यांच्या संस्थेने नियम बदलले. पळायचं, झेपावायचं, आपटायचंसुद्धा. १९७६ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली आणि बीप बेसबॉल आजही जोरात खेळला जातो. म्हणजे चेंडू पायोनियर्सचा आणि खेळ खेळाडूंचा. मदत करणाऱ्याने कुठे थांबायचं, हे त्या पायोनियर्सना तेव्हा कळलं नव्हतं. त्यांची नियत वाईट होती असं कुणी म्हणणार नाही, तरी नियम वाईटच होते.

हे आम्ही वाचलं ते आमचं 'फाइव्ह एस' प्रकरण होऊन गेल्यावर. आधी वाचलं असतं तर फरक पडला असता का, शंकाच आहे.

झालं असं. शाळेची प्रयोगशाळा पाहिली. कपाटं गच्च. काटा अडकलेले अमीटर, आरसा फुटलेले सूक्ष्मदर्शक, वायरी कुरतडलेले बॅटरी एलिमिनेटर, आणि त्याखाली काय काय ते देवाला ठाऊक. आमच्यातला क्वालिटीचा माणूस उभ्या उभ्या पेटला. कारखान्यात फाइव्ह एस म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असेल: नको ते बाहेर काढा, हवं ते जागेवर लावा. दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी घेतली आणि चार दिवसांत प्रयोगशाळा आरशासारखी केली. लाल खुणेच्या सगळ्या वस्तू भंगारवाल्याला दिल्या, आलेल्या पैशांतून लेबलं आणि प्लास्टिकचे ट्रे आणले.

सुट्टीनंतर विज्ञानाच्या बाई आल्या आणि कपाटापुढे उभ्याच राहिल्या. शाळेत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक वही असते, ती आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हती. स्टोअर्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्याला तरी ती सुचायला हवी होती. तो आज समोरच बसलाय, त्याचीच परवानगी घेऊन सांगतोय. मोडका का होईना, त्या वहीत नोंद असलेला अमीटर हा सरकारी हिशेबात अमीटर असतो. तो काढायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, मंजुरी. आम्ही विकलेल्या भंगारात नोंदीच्या एकोणीस वस्तू होत्या. पुढच्या तपासणीत लेखी खुलासा द्यावा लागला तो बाईंना. आम्ही पैसे भरायला तयार होतो, रक्कमही किरकोळ होती, पण तसे भरून घ्यायचीही पद्धत नव्हती. चांगुलपणा आमचा झाला आणि कागद तिच्या नावावर चढला. स्वयंसेवेवर टीका करायची तर आमच्या मते ती इथून सुरू करावी: स्वयंसेवकाच्या चुकीची किंमत जवळपास नेहमी दुसराच मोजतो. आपण उद्यापासून आलो नाही तरी आपलं काही जात नाही, शिक्षकाला मात्र रोज यायचं असतं.

त्यानंतर बाईंनीच आम्हाला वळण लावलं. मंगळवार दुपार, दोन तास. त्या यादी देणार, आम्ही त्याच वस्तूला हात लावणार. काही फेकायचं नाही. दुरुस्त झालेली वस्तू त्यांच्यासमोर चालवून दाखवायची. पहिल्या वर्षी अकरा अमीटर-व्होल्टमीटर आणि सहा सूक्ष्मदर्शक चालू झाले. त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आठवीची चार-पाच मुलं आमच्या टेबलाशी बसवायला सुरुवात केली, सोल्डरिंग बघायला. ही कल्पनाही त्यांचीच.

आता अमेरिका झाली, आमची शाळा झाली. आपल्याच जिल्ह्यातला एक मोठा दाखला राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. मुदतीआधीच नोकरी सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि विज्ञान आश्रम उभा केला. पाबळ त्या काळी कोरडं गाव, मुद्दाम निवडलेलं. त्यांची गणना 'निवृत्त स्वयंसेवक' अशी करणं बरोबर नाही. ते आठवड्याला दोन तास येत नव्हते, तिथे राहायलाच आले होते, २००३ मध्ये जाईपर्यंत. आमची त्यांच्याशी तुलना नाही. पण कंपनीतून शाळेत येताना काय सोबत आणायचं आणि काय फाटकाबाहेर ठेवायचं, हे त्यांच्या कामात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित दिसतं.

शाळांसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा अभ्यासक्रम रचला. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम: वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलं गावाला लागणारी खरी कामं करणार, आणि शिकवणारे निदेशक शक्यतो त्याच भागातले, हातात कसब असलेले. इथे थांबून विचार करा. परदेशी डॉक्टरेट असलेल्या माणसाला स्वतःच फळ्यापुढे उभं राहणं किती सोपं होतं. त्यांनी गावातल्या कारागिराला निदेशक केलं. आम्ही सातजण शाळेत गेलो तेव्हा शाळेच्या शिपायाला प्लंबिंग उत्तम येतं, हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. विचारलंच नव्हतं.

आता तो न जुळलेला मुद्दा. तीन वर्षांपूर्वी विज्ञानाच्या त्याच बाई बदलून गेल्या आणि जागा भरली गेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तोवर आठवी तुम्ही बघा. आम्ही घेतली. चौघांनी वाटून, तयारी करून, अगदी मनापासून. एक सत्र, मग दुसरं. मधल्या पालकसभेत कुणीतरी रिक्त जागेचा विषय काढला, तर दुसरे पालक म्हणाले, "अहो, काका लोक शिकवतायत की. काय अडलंय?" आमच्यातल्या काहींना ते कौतुक वाटलं. काहींच्या पोटात गोळा आला. कारण रिकामा वर्ग दिसतो, त्यावर ओरड होते, पत्र जातं. आम्ही उभे राहिलेला वर्ग रिकामा दिसत नाही. आणि आम्ही काही विज्ञान शिकवायला शिकलेले नाही. मुलाचं नेमकं कुठे चुकतंय हे ओळखणं ही वेगळी विद्या आहे; ती आमच्या डिप्लोम्यात नव्हती.

हे आमच्या एका शाळेपुरतं नाही. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं नेमायचं ठरवलं, महिना २०,००० रुपये मानधनावर. ते लोक निदान प्रशिक्षित शिक्षक तरी होते. पण दिशा लक्षात घ्या. नेमणुकीपेक्षा निवृत्त माणूस स्वस्त, आणि कंपनीतून निवृत्त झालेला हौशी माणूस त्याहून स्वस्त, म्हणजे फुकट. केंद्र सरकारच्या विद्यांजली योजनेत, सप्टेंबर २०२१ पासूनच्या तिच्या नव्या रूपात, शाळेने आपली गरज पोर्टलवर नोंदवायची आणि स्वयंसेवकाने त्यासाठी पुढे यायचं, अशी रीत आहे. गरज आधी, माणूस मागून. हा क्रम आम्हाला मनापासून पटतो. मात्र ज्या दिवशी 'विज्ञान शिक्षक' हीच गरज म्हणून नोंदवली जाईल त्या दिवशी पुढे यावं की नाही?

आमच्यातले तिघे म्हणतात, मुलाचं आठवीचं वर्ष पुन्हा येत नाही, तत्त्वं आपल्याजवळ ठेवा, वर्गावर जा. चौघे म्हणतात, आपण जातो म्हणूनच पुढच्या आठवीलाही शिक्षक मिळत नाही. सध्या केलेली तडजोड अशी: वर्गावर जायचं, पण वेळापत्रकात आमची नावं घालायची नाहीत, तिथे 'पद रिक्त' असंच लिहायचं, आणि प्रत्येक पालकसभेत ते वाचून दाखवायचं. मुख्याध्यापकांना हे आवडत नाही, आणि आम्ही त्यांना दोषही देत नाही. तिघे अजून म्हणतात, हा नुसता शब्दांचा खेळ आहे. असेलही.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत झाकून जाते, ती म्हणजे स्वयंसेवा परवडते कुणाला. आम्ही सातही जण ऑफिसर आणि सुपरवायझर ग्रेडचे, घर झालेलं, मुलं कमावती. आमच्याच खात्यातले ऑपरेटर ईपीएस-९५ वर जगतात. त्या योजनेचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आजच्या १५,००० च्या कमाल मर्यादेने पूर्ण ३५ वर्षं धरली तरी ७,५००, आणि प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती त्याहून बरंच कमी येतं, कारण आधी ती मर्यादा आणखी खाली होती. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. हा माणूस सकाळी सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. त्याला 'समाजाचं ऋण' सांगायला आम्ही तरी धजणार नाही. लेथवर आमच्यापेक्षा त्याचा हात कितीतरी सरस आहे, आणि शाळेला हवा तो नेमका त्याचाच हात.

बाल्टिमोरमध्ये 'एक्स्पीरियन्स कोअर' या उपक्रमाने ज्येष्ठांना सरकारी प्राथमिक शाळांत नेलं, तेव्हा अट घातली आठवड्याला किमान १५ तास, पूर्ण शैक्षणिक वर्ष. आणि खर्चापुरतं थोडं मानधन ठेवलं. त्यामुळे बेताच्या मिळकतीचे लोकही येऊ शकले. पैसे घेतले की सेवा उरत नाही, असं आपल्याकडे लगेच म्हणतात. म्हणणाऱ्याला निदान बसभाड्याची काळजी नसते.

आणि ३१ जानेवारी २०२० हा दिवस आठवा. बीएसएनएलमधून एका दिवशी देशभरात सुमारे ७८,००० लोक स्वेच्छानिवृत्त झाले, सगळे पन्नाशीपुढचे. लाइनमन, केबल जोडणारे, एक्स्चेंजमधले तंत्रज्ञ. अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांची गोष्ट आम्ही इतकी लांबण लावून सांगितली ती यासाठी. तितकेच कसबी हात आपल्या प्रत्येक तालुक्यात एका संध्याकाळी मोकळे झाले. त्यांच्या संघटना आहेत, त्या पेन्शन आणि थकबाकीसाठी झगडतात, आणि झगडावंच लागतं. पण त्यांच्यापर्यंत एखाद्या शाळेची यादी घेऊन कुणी गेलं होतं का? आम्हीसुद्धा गेलो नाही. आमच्या गटात सातजण आहेत आणि सातही एकाच कॅन्टीनचे, ही आमची उणीव.

ती भरून काढायला या महिन्यात सुरुवात केली आहे. शाळेकडे सध्याच्या यादीत तीन कामं आहेत: संगणक कक्षाचं वायरिंग तपासणं, पाण्याच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, आणि ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांची बांधणी. बांधणी आमच्यापैकी कुणालाच येत नाही. दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं आम्ही वर्गणीतून देणार आहोत, त्याचा हिशेब शाळेच्या फलकावर लागेल. येण्याची वेळ मंगळवारी दुपारी दोन. यादी बघायची असेल तर ती आत्ता आमच्याजवळ आहे, प्रश्नोत्तरं झाल्यावर इथेच थांबतो.